डाव्या हाताचा सूर



या व्यासपीठावर गेले काही दिवस मोठमोठे विषय झाले. राज्यघटना झाली, पाण्याचा प्रश्न झाला, काल संध्याकाळी संतवाङ्मय झाले. त्या मालिकेत आज आम्ही आपणांसमोर डाव्या हाताची चार बोटे घेऊन उभे आहोत, याचा थोडा संकोच वाटतो. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'गिटार' एवढेच कळविले होते. त्यांनी पत्रिकेत 'गिटारवादनाची कला' असे भारदस्त नाव छापले. कला फार मोठी आहे, तासाभरात मावणारी नाही. आम्ही तिच्यातल्या एकाच लहानशा क्रियेबद्दल बोलणार आहोत. तार एकदा छेडायची आणि त्या एका छेडीतून दोन सूर काढायचे. दुसरा सूर डाव्या हाताने. स्पॅनिश लोक याला 'लिगादो' म्हणतात, म्हणजे बांधलेला, सांधलेला. इंग्रजी शिकलेली मुले 'स्लर' म्हणतात. या क्रियेने आमची दोन वर्षे खाल्ली आणि करंगळी जवळजवळ निकामी केली, म्हणून तिच्याबद्दल बोलण्याचा थोडासा हक्क आम्हांला पोचतो असे वाटते.

प्रथम गिटार कोणती ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ वर्षे गिटार म्हटले की मांडीवर आडवी ठेवून लोखंडी नळीने तारेवर घसरत वाजवायची ती, असाच समज होता. पंडित ब्रिजभूषण काबरांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका केली, ती अनेकांनी ऐकली असेल. ते वाद्य वेगळे. तेथे डावे बोट पडद्यावर तार दाबीतच नाही. आम्ही बोलतो ती स्पेनमधली उभी धरायची गिटार. नायलॉनच्या सहा तारा, मानेवर पक्के बसविलेले धातूचे पडदे, उजव्या हाताच्या नखांनी छेडायचे आणि डाव्या हाताच्या बोटांनी दाबायचे. नायलॉनच्या तारा आल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यापूर्वी बारीक तारा आतड्याच्या असत.

आता सांधलेला सूर म्हणजे काय ते गाण्यातून सांगतो. गवई 'रामा' म्हणताना 'रा' या एका अक्षरावर दोन-तीन सूर घेतो. दर सुराला नवे व्यंजन उच्चारीत नाही. अक्षर एक, सूर अनेक. गिटारीची प्रत्येक छेड ही एक व्यंजन आहे. प्रत्येक सूर छेडूनच काढला तर ते गाणे 'र, र, र, र' असे म्हटल्यासारखे होते. तार एकदा छेडली, तिची आस चालू आहे, आणि त्या आसेतच डाव्या बोटाने पुढचा सूर उभा केला, की तो स्वरासारखा लांबतो. व्हायोलिनवाल्याला हे सोपे आहे, कारण त्याचा गज चालूच असतो. गिटारीची आस मात्र छेडल्या क्षणापासून मरू लागते. त्या मरणाऱ्या आवाजातून दुसरा सूर काढायचा, ही सारी अडचण आहे.

सतार ऐकणाऱ्यांना हे नवीन नाही. नखीचा एक आघात करून वरच्या सुरावरचे बोट तारेवरून ओढून काढले की खालचा सूर निघतो, त्याला कृंतन म्हणतात. तर्जनी खाली ठेवून मध्यमेने पुढच्या पडद्यावर वारंवार ठोके दिले की जमजमा होतो. म्हणजे गिटारीचे दोन्ही सांधे, चढता आणि उतरता, आपल्या घरात आधीपासून आहेत. फरक एवढाच की सतारिया डाव्या हाताची मुख्यतः दोन बोटे वापरतो आणि बहुतेक काम बाजाच्या एका तारेवर करतो. गिटारवाल्याला सहा तारांवर चारही बोटांनी हेच करावे लागते, करंगळीसुद्धा.

युरोपातही ही गोष्ट जुनी आहे. गास्पार सान्स याने १६७४ साली सारागोसा येथे स्पॅनिश गिटारीचे पुस्तक छापले, त्यात डाव्या हाताच्या अलंकारांची नावे देऊन ते समजावून दिले आहेत. पुढे फेर्नांदो सोर झाला. बार्सिलोनात जन्मलेला, पॅरिसमध्ये स्थायिक झालेला. त्याचे गिटारशिक्षणाचे पुस्तक १८३० साली निघाले. त्यात त्याने मोकळेपणाने लिहिले आहे की जलद ताना सुटे सूर छेडून वाजविणे हे आपले काम नव्हे. ज्याला ते शिकायचे असेल त्याने आग्वादोचे पुस्तक पाहावे. आग्वादो हा त्याचा मित्र. दोघे पॅरिसला एकाच घरात राहत, एक नखांनी वाजवी, दुसरा नखांशिवाय. सोरने दोघांनी मिळून वाजविण्यासाठी एक रचनाही केली, तिचे नाव 'दोन मित्र'. आपल्याला जे येत नाही त्यासाठी मित्राच्या पुस्तकाकडे बोट दाखविणारे ग्रंथकार आम्ही फार पाहिले नाहीत. असो. सोर जलद तानांत सुरांचे सांधे करी. उजव्या हाताने एक छेड, डाव्या हाताने पुढचे सूर. वेगही मिळे आणि गाणेही राही.

आता आमची हकीकत. आम्ही गिटार हाती घेतली ती वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. कारकुनी करीत होतो. एका हाताची नखे वाढविलेली आणि दुसऱ्याची मुळापर्यंत कापलेली, हे पाहून खिडकीपलीकडचे लोक आमच्याकडे संशयाने पाहत. शिक्षक मिळाले ते गोव्याकडचे, सत्तरी ओलांडलेले. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडले नसते. मुठीत धरता येईल असे त्यांचे मनगट, बोटे सुकलेली. पण त्यांचा सांधलेला सूर असा निघे की मागल्या खोलीत बसलेल्याला उजव्या हाताने छेडला की डाव्याने, ते सांगता येऊ नये. आमचा मात्र दुसरा सूर ऐकू येत नसे. 'टुण्' आणि मग नुसती 'टप्'.

आम्ही काय समजलो? बळ कमी पडते. मग बळ वाढविण्याच्या मागे लागलो. बोट डोक्याएवढे उंच उचलून हातोड्यासारखे आपटू लागलो. चेंडू दाबले. कचेरीत फायलींच्या आड टेबलावर बोटे आपटली. शेजारच्या मेजावरचे गृहस्थ म्हणाले, "अहो, तार करताय की काय?" अनामिका आणि करंगळी ही जोडी सगळ्यांत दुबळी, म्हणून तिला रोज एक तास दिला. सर म्हणत, "अरे बाबा, खिळा ठोकतोस काय? तार आहे ती." आम्ही मान डोलवीत होतो आणि घरी जाऊन पुन्हा ठोकीत होतो.

आठव्या महिन्यात करंगळीच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ येऊ लागली. प्रथम वाजविताना, मग लिहिताना, पुढे पाण्याचा तांब्या उचलताना. डॉक्टरांनी तीन महिने वाद्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितले, आणि त्यानंतरही ते चालेलच असे नाही हेही सांगितले. गिटार कपाटावर गेली. त्या तीन महिन्यांत आम्हांला कळले की या वाद्याशिवाय आपली संध्याकाळ फार लांब असते. कारकुनाचा हात दुखावला तर त्याची भाकरीही दुखावते, हा विचार होताच. पण खरे सांगायचे तर भाकरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने झोप जाई.

येथे आपणांस एक प्रयोग करावयास सांगतो. मांडीवर ती कार्यक्रमपत्रिका ठेवा, तिच्यावर डावा हात पालथा ठेवा. मध्यमा दुमडून तळहाताखाली घ्या. बाकीची बोटे पत्रिकेवर सपाट असू द्या. आता तर्जनी उचला. उचलली? करंगळी उचला. उचलली. आता अनामिका उचला.

नाही ना उचलत? मागच्या रांगेतले गृहस्थ दुसऱ्या हाताने मदत करीत आहेत, ते चालायचे नाही. कारण असे आहे की बोटे उचलणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. तर्जनीला आणि करंगळीला उचलणारा स्वतःचा जादा स्नायू असतो, अनामिकेला नसतो. मध्यमा खाली ओढून धरली की अनामिकाही जखडली जाते. ही रचना कोणत्याही व्यायामाने बदलत नाही. आम्ही आठ महिने जिच्याशी झगडलो ती दुर्बलता नव्हती, बांधणी होती. हे आम्हांला आधी कोणी असे मांडीवर हात ठेवून दाखविले असते, तर बोट उंच उचलण्याचा हट्ट आम्ही धरला नसता.

तीन महिन्यांनी आम्ही सरांकडे गेलो. तोवर त्यांना ऐकू येणे बरेच कमी झाले होते. वाजव म्हणाले. आम्ही एक सांधा वाजविला. ते गिटारीकडे कान न देता आमच्या अंगठ्याकडे पाहत होते. म्हणाले, "अंगठा काढ." मानेच्या मागे अंगठ्याचा आधार असतो, तो काढायचा आणि वाजवायचे! आम्हांला वाटले, सर थट्टा करतात. पण वाजवून पाहिले. अंगठ्याशिवाय तार चिमटीत पकडता येत नाही, म्हणून हाताला नाइलाजाने हलके व्हावे लागले. दंडाचे वजन मागे लटकत राहिले आणि बोट आपले आपण तारेवर पडले. सूर निघाला. मोठा नव्हे, पण सूर होता. आमची सारी शक्ती बोटातून तारेत जात नव्हतीच, अंगठा आणि बोट एकमेकांना दाबण्यात ती खर्च होत होती. हे त्या वृद्ध माणसाने ऐकून नव्हे, पाहून ओळखले.

त्यानंतर जे शिकलो ते क्रमाने सांगतो, कारण सभेत गिटार शिकणारी पाचसहा मुले तरी दिसतात.

चढत्या सांध्यात बोटाचा वेग लागतो, दाब लागत नाही. आपण टाळी वाजवितो तेव्हा हात एकमेकांवर दाबून धरीत नाही. तार पडद्यावर टेकण्यासाठी खाली जाण्याचे अंतर फार थोडे असते. बाराव्या पडद्याशी, जेथे तार सर्वांत उंच म्हणायची, तेथेही ते तीन-चार मिलिमीटरच. खालच्या पडद्यांशी त्याहून कमी. तेवढ्यासाठी दोन इंचांवरून बोट आणण्याचे प्रयोजन नाही. उंचावरून आलेले बोट नेमके कोठे पडेल याचाही भरवसा नसतो. ते पडले पाहिजे पडद्याच्या अगदी मागे, जवळजवळ त्याला चिकटून. पडद्यापासून दूर पडले की तार नीट टेकत नाही, खरखरते, आणि मग माणूस आणखी जोर लावतो. हालचाल बोटाच्या मुळाच्या सांध्यातून व्हावी. बोट कमानीसारखे वळलेले असावे आणि टोकाने पडावे. पडल्यावर लगेच दाब कमी करावा, तार टेकून राहील एवढाच ठेवावा. हे 'लगेच कमी करणे' कोणी शिकवीत नाही, आणि हात टिकतो तो त्यानेच.

उतरता सांधा याच्या अगदी उलट वाटतो, पण तसा नाही. पुष्कळांना वाटते, वरचे बोट उचलले की खालचा सूर वाजेल. उचलले तर आवाज विझतो. ते बोट तारेला बाजूला ओढून सोडते. ही डाव्या हाताने केलेली छेडच आहे. ओढायचे खाली, तळहाताकडे. दुसऱ्या तारेवरचे बोट ओढले की ते पहिल्या तारेवर येऊन विसावते. तेथे विसावू द्यावे. मात्र पहिली तार त्या वेळी वाजत असेल तर ती मुकी होईल, अशा जागी बोट किंचित वर काढून सोडावे लागते. पहिल्या तारेच्या पलीकडे काहीच नाही, म्हणून तेथे फार ओढले तर तार फळीच्या कडेवरून घसरते.

आणि यातली मुख्य गोष्ट ओढणाऱ्या बोटाची नाहीच, ती खालच्या बोटाची आहे. ज्या सुरावर उतरायचे त्याचे बोट आधीच पडद्यावर बसलेले असले पाहिजे आणि ओढताना तेथून हलता कामा नये. ते ढिले असले तर दोन्ही बोटे मिळून तार ओढतात आणि सूर चढतो, बेसूर होतो. आमचे एक सतारिये स्नेही आहेत, त्यांना आम्ही कृंतनाचे मर्म विचारले तेव्हा त्यांनी ओढणारी मध्यमा दाखविलीच नाही, तर्जनी दाखविली. म्हणाले, "ही घरात बसलेली पाहिजे."

तळहात फळीच्या कडेशी समांतर असावा. व्हायोलिनवाल्यासारखा तो वळला की तर्जनी तारेजवळ आणि करंगळी मैलभर दूर जाते. मग तिला दुबळी म्हणून बोल लावण्यात अर्थ नाही.

सराव कोठे करावा? नवशिके पहिल्या पडद्यापासून सुरू करतात, कारण पुस्तकातले पहिले सूर तेथे असतात. पण पडदे तेथे सर्वांत रुंद. साडेसहाशे मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या पडद्याचे अंतर छत्तीस मिलिमीटरांच्या वर असते, चौथ्या-पाचव्याच्या मध्ये एकोणतीस, बाराव्याच्या पुढे अठराच्या आसपास. म्हणून पाचव्या किंवा सातव्या पडद्याशी सुरुवात करावी आणि हात बसला की एकेक पडदा खाली यावे. बोटांच्या जोड्या सहा होतात: तर्जनीच्या तीन, मध्यमेच्या दोन, आणि शेवटची अनामिका-करंगळी. शेवटच्या जोडीला सर्वांत कमी वेळ द्यावा, अधिक नव्हे. सगळ्या मिळून दिवसाला पाच-सात मिनिटे पुरतात. कळ आली की थांबावे. येथे शौर्य दाखवू नये.

आता तालाचा दोष, जो बोटांत नसून कानात असतो. सांधलेला दुसरा सूर बहुतेकांचा लवकर येतो. बोटाला पडण्याची घाई असते. मग सारखे चालणारे सूर घोड्याच्या टापांसारखे 'टगडग, टगडग' होतात आणि वाजविणाऱ्याला ते कळतही नाही. यावर आम्हांला एकच उपाय सापडला. मेट्रोनोम साठावर लावायचा, ते दोन सूर प्रथम दोन्ही छेडून वाजवायचे, चारदा. लगेच तेच सांधून, चारदा. कानात पहिल्यांचा ताल असतानाच दुसरे ऐकायचे. पहिले दोन आठवडे फार लाज वाटते.

कोठे सांधावे हा प्रश्न तंत्राचा नाही, रुचीचा आहे, आणि त्यावर आम्ही ठामपणे बोलणार आहोत. छेडलेला सूर ठळक असतो, सांधलेला नरम. म्हणून मात्रेवरचा सूर छेडावा आणि मात्रेबाहेरचा सांधावा. उलट केले तर समेवर कुजबुज आणि खालीवर आरोळी, असे होते. आजकाल मोबाईलवर पाहून शिकणारी मुले जेथे बोटाला सोयीचे तेथे सांधतात. त्यांतली पुष्कळशी विजेच्या गिटारीवरून आलेली. तेथे यंत्र बोटाचा हलका स्पर्शही मोठा करून देते, त्यामुळे नायलॉनच्या तारेवर आपला सूर मुका का होतो हे त्यांना उमगत नाही. आमचा त्यांच्यावर राग नाही. दोन्ही वाद्ये वाजवावीत, पण एकीची सवय दुसरीला लावू नये.

उस्तादांचे ऐकायचे असेल तर ब्राझीलच्या व्हिला-लोबोस या संगीतकाराचे बारा अभ्यास ऐका. ते सेगोव्हियाला अर्पण केलेले असून १९५३ साली छापले गेले. त्यांतला तिसरा या सांध्यांसाठीच आहे. आमच्या हाताला तो झेपत नाही आणि झेपेल अशी आशाही आम्ही सोडली आहे. स्पेनच्या फ्लामेंको वादकांत पाको दे लुसिया (१९४७–२०१४) याच्या ताना ऐका. तेथे तारा फळीला आणखी जवळ असतात आणि डावा हात उजव्याच्या बरोबरीने बोलतो.

आम्ही परत वाजवू लागलो त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. करंगळी थंडीच्या दिवसांत अजून सकाळी थोडी आखडते. सर गेले. शेवटच्या वर्षी त्यांना मुळीच ऐकू येत नसे, तरी आम्ही गेलो की समोर बसवून वाजवायला लावीत आणि हाताकडे पाहत. एखादे वेळी मध्येच हात वर करून थांबवीत. त्या जागी चूक झालेलीच असे.

अध्यक्षांची घंटा वाजण्यापूर्वी एक करावयाचे आहे. कार्कास्सी नावाच्या इटालियन वादकाचे, साठाव्या क्रमांकाच्या संग्रहातले पंचवीस अभ्यास आहेत. त्यांतला नववा सांध्यांचा आहे. कपाटावरून गिटार खाली काढल्यावर आम्ही पहिला पूर्ण वाजविलेला तुकडा तो. गिटार येथे आणली आहे, ध्वनिवर्धक मात्र बंद करावयास सांगितला आहे, म्हणून पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर सरकून बसावे.  नंतर ज्या मुलांना बोटे दाखवायची असतील त्यांनी व्यासपीठावर यावे. नखे कापलेली नसतील तर उद्या यावे, आम्ही परवा सकाळच्या गाडीने जाणार आहोत.